काकी, तुम्ही मागच्या रांगेत का उभ्या राहता?

रत्नागिरीहून एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. वय ४३, पतसंस्थेत नोकरी, मुलगी बारावीला. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी बेली डान्सचा क्लास लावला. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी एकेक तास, महिन्याला दीड हजार रुपये. वर्गात अकरा जणी, बहुतेक कॉलेजातल्या. शिकवणारी मुलगी सत्तावीसची, मुंबईत शिकून आलेली.

बाई लिहितात: "माझ्या मागून आलेल्या मुली पुढे गेल्या, मी अजून शिमीतच, म्हणजे कंबर थरथरवण्यातच, अडकलेय. पोट सुटलंय म्हणून लांब कुर्ता घालते आणि मागे उभी राहते. टीचर मला 'काकी' म्हणते, बाकीच्यांना हाताला धरून दुरुस्त करते, मला लांबूनच 'छान छान' म्हणते. नवऱ्याला माहीत आहे, तो नुसता हसतो. सासूबाईंना योगाला जाते असं सांगितलंय. दीर दुबईला असतो, त्याने डेझर्ट सफारीतल्या नाचाचा व्हिडिओ पाठवला होता. तेव्हापासून आमच्या घरात बेली डान्स म्हणजे तेच. त्यामुळे घरी सराव नाही. जुलैत पाऊस आणि लाइट यांच्यापायी चार तास बुडाले. आता डिसेंबरात कार्यक्रम ठरतोय. क्लास सोडून मोबाइलवर शिकू? वैयक्तिक शिकवणी लावू? की या वयाला हे झेपणारच नाही? निदान पैसे तरी वसूल व्हावेत."

तुम्ही पतसंस्थेतल्या, म्हणून आधी हिशेब करू. आठ महिने, आठवड्याला दोन तास. त्यातून जुलैचे चार वजा, गणपतीतले वजा, मुलीच्या आजारपणात किंवा ऑडिटच्या घाईत चुकलेले वजा. धरून चाला पन्नास तास. पन्नास तास म्हणजे तुमच्या ऑफिसचे सहा-सात दिवस. नवीन लागलेल्या मुलीला सातव्या दिवशी तुम्ही एकटीला कॅश काउंटरवर बसवाल का? आणि नाही बसवलं म्हणून ती "माझ्या वयाला झेपत नाही" असं म्हणाली, तर काय म्हणाल तिला?

तर वयाचा प्रश्न मी इथेच बाजूला ठेवते. ज्या देशातून हा नाच आला तिथे तो लग्नात, बारशाला, घरातल्या बायकांच्या गोतावळ्यात आजीपासून नातीपर्यंत सगळ्या जणी नाचतात. इजिप्तमध्ये या घरगुती नाचाला बलदी म्हणतात. बलदी म्हणजे आपल्या गावचं, आपल्या मातीचं. त्याचं रंगमंचावरचं रूप म्हणजे रक्स शर्की, पूर्वेकडचा नाच. ते घडलं कैरोच्या नाइट क्लबांमधून. बदिया मसाबनी या बाईने १९२६ मध्ये काढलेल्या क्लबाचं नाव त्यात पहिलं घेतात. 'पोटाचा नाच' हे नाव पाश्चात्त्यांनी दिलेलं. फ्रेंचांनी तसं म्हणायला सुरुवात केली आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. म्हणजे ज्या शब्दाने तुमच्या पोटात गोळा येतो तो मुळात बाहेरच्यांनी चिकटवलेला आहे. नाचात राबतात ते गुडघे, कंबर आणि बरगड्या. आणि खरं सांगू? अंगावर थोडं मांस असलं की शिमी दिसते छान. हाडकुळ्या पोरींना त्यासाठी कमरेला नाणी बांधावी लागतात.

आता पत्रातलं मला जे खुपलं ते. पोट कुर्त्याखाली, तुम्ही मागच्या रांगेत आणि क्लास योगाच्या नावाखाली. तीन पदर झाले पांघरूणाचे. आणि तक्रार अशी की क्लासमधून हाती काही लागत नाही. अहो, स्टेप तर मोबाइलवरही दिसते. क्लासला दीड हजार द्यायचे ते दुसऱ्या कुणीतरी आपल्याकडे बघावं म्हणून. तेवढीच एक गोष्ट तिथे विकत मिळते आणि नेमकी तीच तुम्ही घेत नाही आहात.

यात तुमचा एकटीचा दोष नाही. त्या मुलीच्या बाजूने बघा. तुम्ही तिच्या आईच्या वयाजवळच्या. आपल्याकडे काकीच्या कमरेला हात लावून "इथून हलवा" असं कोण सांगेल? तिची जीभच रेटत नसणार. म्हणून ती लांबून "छान" म्हणते आणि तुम्ही समजता की हिने आपल्याला सोडून दिलंय. मोठेपणाचा मान आडवा आलाय दोघींच्या. तो तुम्हीच काढायचा, तिला नाही काढता येणार. "मला हात लावून दाखवलंस तरी चालेल, आणि चुकलं तर सगळ्यांसमोर सांग," एवढी दोन वाक्यं बोला.

विचारतानाही "बरोबर आहे का?" असं विचारू नका. त्याला ती "हो काकी" म्हणणार. "आत्ता माझं वजन कुठल्या पायावर आहे?" "माझी उजवी बाजू डावीइतकी वर जातेय का?" असं विचारा. अशा प्रश्नाला नुसतं "छान" म्हणून सुटता येत नाही. एका तासाला एकच प्रश्न पुरे.

कपड्यांचं: पोट उघडं ठेवा असं मी म्हणत नाही. पण गुडघे आणि कंबर दिसली पाहिजे. अंगाबरोबरचा टी-शर्ट, लेगिंग आणि कमरेच्या हाडाखाली घट्ट बांधलेली ओढणी. गुडघ्यापर्यंतच्या घोळदार कुर्त्यात तुमचा गुडघा ताठ झालाय की मोडलेला आहे हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. रांगेबद्दल म्हणाल तर अगदी पुढे नको, तिथून आपण आरशातल्या स्वतःलाच बघत बसतो. दुसऱ्या रांगेत, कडेला. टीचर फिरताना तिथून जाते.

शिमीत अडकलात म्हणता, तर तिच्याकडेच जरा सावकाश बघू. बहुतेक बायका कंबर हलवायला जातात आणि दमतात. कंबर हलवायचीच नसते. घरी ओट्याला एक हात टेकवून उभ्या राहा. पावलं कमरेएवढ्या अंतरावर, टाचा लादीला चिकटलेल्या, दोन्ही गुडघे किंचित मोडलेले. आता एक गुडघा थोडा सरळ, दुसरा थोडा मोडलेला, मग उलट, जागच्या जागी सायकल मारल्यासारखं. जो गुडघा सरळ होतो त्या बाजूची कंबर आपोआप वर जाते. तुम्ही फक्त पोटऱ्या-मांड्यांकडे लक्ष ठेवा आणि कुल्ले सैल सोडा. आधी चार मोजून एक बदल, मग दोनला, मग एकाला. ज्या वेगाला श्वास रोखला जातो किंवा गुडघे मागे ताठ होऊन अडकतात, तो वेग आज तुमचा नाही. एक पायरी खाली उतरा आणि दूध वर येईपर्यंत तिथेच राहा. रोज दूध तापतंच की घरात.

शिमी एकसारखी होतेय का हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं. नाण्यांची ओढणी घरी वापरता येत नसेल तर कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचा, आपल्या आज्या खोचायच्या तसा. खळ-खळ-खळ असा सलग आवाज आला तर जमतंय. खळ्ळ-खट्, खळ्ळ-खट् असं झालं तर एक बाजू मार खातेय. दोन दिवस त्या बाजूने सुरुवात करा. सासूबाईंनी विचारलंच, तर कपाटाच्या किल्ल्या आहेत. ते खोटंही नाही. क्लासमध्ये मात्र नवीन स्टेप चालू असताना नाणी काढून ठेवा. अकरा जणींची नाणी एकदम वाजायला लागली की टीचरचं बोलणं आणि ठेका दोन्ही बुडतात.

ठेक्यावरून आठवलं. तुमच्या पत्रात स्टेपा आहेत, शिमी आहे, पोट आहे. गाणं कुठेच नाही. तुमच्या क्लासमध्ये हिंदी गाण्यांवर शिकवत असतील तर त्यात वाईट काही नाही, पण या नाचाचा स्वतःचा ताल एकदा कानात बसला की निम्मं काम होतं. आपण दाया-बायाला तबला म्हणतो, इजिप्तमध्ये तबला म्हणजे मांडीवर आडवा धरून वाजवायचं एक पेल्याच्या आकाराचं चर्मवाद्य. त्याचे मुख्य बोल दोन: मधला जड 'दुम' आणि काठाचा टणत्कार 'तेक'. मकसूम नावाचा रोजच्या वापरातला ठेका असा (ऽ म्हणजे रिकामी जागा): दुम तेक ऽ तेक दुम ऽ तेक ऽ. त्यातल्या पहिल्या तेकच्या जागी दुम ठेवला की झाला बलदी नावाचा ठेका: दुम दुम ऽ तेक दुम ऽ तेक ऽ. दोन दुम मधोमध आले की सैदी, इजिप्तच्या दक्षिणेकडच्या काठीच्या नाचाचा: दुम तेक ऽ दुम दुम ऽ तेक ऽ. आठांचा हिशेब आहे. केरवा ऐकत वाढलेल्या माणसाला तो परका वाटायचं कारण नाही. शिमग्यात ढोल ऐकून पाय हलले नाहीत असं माणूस कोकणात सापडेल का?

बसमध्ये, भांडी घासताना, तोंडाने म्हणा. याला जागा लागत नाही, कपडे लागत नाहीत, कुणापासून लपवावंही लागत नाही. मग क्लासमध्ये टीचर जेव्हा हिप ड्रॉप, म्हणजे कंबर एका बाजूने उचलून खाली सोडणं, दाखवेल तेव्हा तो दुमवर पडतोय हे तुम्हाला कॉलेजातल्या पोरींच्या आधी कळेल. त्या मोजतात, तुम्ही ऐकाल. इजिप्तची गायिका उम्म कुलसूम हिच्या लांबलचक गाण्यांवर नाचणारी सुहैर झकी, किंवा फारशी जागा न घेता थोड्याशा हालचालीत सगळं सांगणारी ताहिया कारिओका, यांच्या जुन्या चित्रफिती मोबाइलवर सहज मिळतात. स्टेप शिकायला नका बघू. त्या कधी थांबतात ते बघा.

मोबाइलचा उपयोग मी असा मानते. क्लासला पर्याय म्हणून तो कुचकामी, कारण त्याला तुमचे गुडघे दिसत नाहीत. टीचरची परवानगी घेऊन तासाच्या शेवटची दोन मिनिटं तिचं आणि तुमचं चित्रण करा, बाकीच्या मुली त्यात येणार नाहीत असं. अख्खा तास चित्रण करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. एक्कावन्न व्हिडिओ साठतात आणि एकही उघडला जात नाही. त्यापेक्षा तास संपला की स्कूटर सुरू करायच्या आधी, डिकीवर वही ठेवून तीन ओळी लिहा. काय शिकवलं, माझं कुठे चुकलं, पुढच्या वेळी काय विचारायचं. घरी पोहोचल्यावर लिहीन म्हणाल तर घरी कुकर असतो.

सराव आठवड्यातून पाच दिवस, दहा मिनिटं. दोनच गोष्टी: एक जुनी, एक या आठवड्यातली. बाकीच्या स्टेपा विसरल्या तर विसरू दे, टीचर परत घेतेच.

अंगाचं एक सांगते, ते माझ्या अनुभवातून. मी पुण्यात असताना शेहेचाळिसाव्या वर्षी वर्षभर हा नाच शिकले. एका ठिकाणी कमरेत चमक येते म्हटल्यावर "सुरुवातीला होतंच" असं सांगितलं गेलं. मी मुकाट्याने तीन आठवडे तसंच रेटलं आणि मग मला चपलेचा पट्टा लावायला खाली वाकता येईना. मांड्या भरून येणं, घाम, दुसऱ्या दिवशी ठणका, हे चालतं. कमरेच्या मणक्यात टोचणं, गुडघ्यात कळ येणं चालत नाही. बहुतेक वेळा गडबड उभं राहण्यातच असते: छाती दाखवायच्या नादात आपण कमरेला बाक देतो. माकडहाड जमिनीकडे, बरगड्या वर, गुडघे मऊ. एवढं करूनही टोचलं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि बाळंतपणं झालेल्या पुष्कळ जणींना जोरात शिमी करताना लघवीचा थेंब जातो. तुम्ही लिहिलेलं नाही, पण हे वाचणाऱ्या कुणीतरी लाजून क्लास सोडला असेल. फिजिओथेरपिस्ट त्यावर व्यायाम देतात, ते बरंच सुधारतं. नाच सोडायच्या आधी तिथे जा.

वैयक्तिक शिकवणी दर आठवड्याला नको, खर्चाच्या मानाने हाती कमी येईल, कारण दोन तासांच्या मधे सराव झालेला नसेल. दोन महिन्यांतून एकदा तासभर घ्या, हवं तर वर्गातल्या दुसऱ्या कुणाबरोबर खर्च वाटून. वहीतले प्रश्न साठवून न्या. जुलैच्या चार तासांचं काय, हेही विचारून टाका. पावसाळ्यात तास बुडणार हे रत्नागिरीत नवीन नाही, तेव्हा ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरून द्यायचं ठरलेलं असावं.

क्लास बदलायचा कधी? तासाच्या सुरुवातीला अंग मोकळं करून घेत नसतील, दुखतंय म्हटल्यावर उडवून लावत असतील, किंवा विचारूनही दाखवत नसतील तर. तुमच्या टीचरला तुम्ही अजून विचारलेलंच नाही.

डिसेंबरच्या कार्यक्रमाबद्दल माझं मत थोडं तिरकं आहे. कार्यक्रम ठरला की दोन महिने सगळे तास एका गाण्यावर जातात. रांगा, जागा, हसू कुठे. मूळ हालचाल तशीच कच्ची राहते. पण स्टेजवर उभं राहायचं म्हटलं की माणूस घरी सराव करतो, हेही खरं. तुम्हाला मनातून करायचं असेल तर करा आणि दर तासाची पहिली पंधरा मिनिटं साध्या हालचालींना द्यावीत अशी विनंती टीचरला करा. नको असेल तर या आठवड्यातच सांगा. नोव्हेंबरात सांगितलंत तर अकरा जणींची मांडणी विस्कटेल आणि मग त्या पोरी तुम्हाला माफ करणार नाहीत. कपड्यांची भीती असेल तर पायघोळ झगा आणि कमरेला ओढणी, हा बलदीचा अस्सल वेश आहे. इजिप्तमध्ये १९५० च्या दशकात व्यावसायिक नर्तकींनीही पोट झाकावं असा नियम झाला होता, म्हणून त्या पोटावर निदान जाळीचं कापड घ्यायच्या. चकचकीत चोळी आणि उघडं पोट म्हणजेच हा नाच, असं काही नाही.

राहिल्या सासूबाई. हे मी शेवटी ठेवलं, कारण इथे मला घरबसल्या शहाणपणा करायचा नाही. घरात खरोखर त्रास होणार असेल, नोकरी-पैशावर बंधनं येणार असतील, तर सांगू नका. "व्यायामाला जाते" हे खोटं नाही, ते चालू ठेवा. पण तुमच्या पत्रावरून मला तिथे धाक कमी आणि संकोच जास्त दिसतो. नवरा हसतो म्हणता. हसणारा नवरा म्हणजे विरोध करणारा नवरा नव्हे. त्याला आधी सोबत घ्या. आणि डिसेंबरात कार्यक्रम झाला की रत्नागिरीत ही बातमी किती वेळ दबून राहील? मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत जायला तिला रिक्षासुद्धा लागणार नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

सांगताना दुबईच्या व्हिडिओपासून सुरुवात करू नका. हंड्यापासून करा. तुमच्या सासूबाईंच्या वयाच्या कित्येक जणींनी विहिरीवरून डोक्यावर हंडा, वर कळशी असं पाणी वाहिलंय. चिऱ्यांच्या पायऱ्या चढताना खाली कंबर चालते आणि वर मान तसूभर हलत नाही. तुमच्या क्लासमध्ये याला आयसोलेशन म्हणतात आणि त्याचे महिन्याला दीड हजार घेतात. इजिप्तमध्ये लग्नाच्या वरातीत नर्तकी डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचं झुंबर घेऊन नाचते, तीही हीच किमया. सासूबाईंना विचारा, "आई, हंडा डुचमळू नये म्हणून तुम्ही काय करायचात?" त्या सांगतील, बहुतेक उठून दाखवतीलही. मंगळागौरीत फुगडी घालताना ज्यांना कमरेची लाज वाटली नाही, त्यांना तुमच्या कमरेची किती वाटेल ते तेव्हाच कळेल. नाही पटलं त्यांना, तर निदान त्या काय बघून बिथरतात ते नेमकं समजेल: पोट, गाणं, की शेजारणी.

सगळं एकदम करायला जाऊ नका. येत्या शनिवारी फक्त दहा मिनिटं आधी जा. या हवेत लादीला ओल असते, टीचर बहुधा फडकं घेऊन ती पुसत असेल. दुसरं फडकं घ्या, तिच्याबरोबर पुसा, आणि मुली जिन्यावर यायच्या आत ती दोन वाक्यं बोलून टाका.